विंडोज नव्याने टाकल्यावर लॅपटॉप पुन्हा कंपनीसारखा करायचाय?

क्लीन इन्स्टॉल करताना सगळी पार्टिशन्स (डिस्कचे भाग) उडवली, की कंपनीचं रिकव्हरी पार्टिशनही जातं. मग एचपीवर एफ-११ दाबून काही उपयोग नाही. ‘रीसेट धिस पीसी’ केलं तरी नुसतं कोरं विंडोज मिळतं. कंपनीची मूळ इमेज (विंडोजची कंपनीने दिलेली प्रत) बहुतेकदा फुकट उतरवता येते, दुकानात पैसे मोजायची गरज नाही.

१. लॅपटॉप उलटा करून स्टिकर बघा. डेलला सात अक्षरी सर्व्हिस टॅग, लेनोवोला सिरियल नंबर, एचपीला प्रॉडक्ट नंबर लागतो. स्टिकर पुसला असेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) सापडतो.

२. दुसऱ्या विंडोज पीसीवर डेल ओएस रिकव्हरी टूल, एचपी क्लाउड रिकव्हरी टूल किंवा लेनोवोचं यूएसबी रिकव्हरी क्रिएटर घ्या. लेनोवोत आधी साइटवर सिरियल नंबर टाकून मागणी नोंदवावी लागते.

३. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह लावा. त्यातलं सगळं पुसलं जाणार. डाउनलोड काही जीबींचं असतं, त्यामुळे मोबाइल डेटावर नको.

४. चार्जर लावून पेनड्राइव्हवरून बूट करा, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना ही की दाबून पेनड्राइव्ह निवडा: डेल, लेनोवोवर एफ-१२, एचपीवर एफ-९.

लायसन्स की शोधत बसू नका. विंडोज ८ किंवा त्यानंतरच्या विंडोजसकट आलेल्या लॅपटॉपची की मदरबोर्डमध्येच असते. मूळचीच एडिशन (होम किंवा प्रो) असली, की इंटरनेट जोडल्यावर विंडोज आपोआप अॅक्टिव्हेट होतं.

फक्त एक: रिकव्हरी बहुधा अख्खी डिस्क पुसते, डी ड्राइव्हसकट. ‘फोटो डी मध्ये आहेत’ म्हणून निर्धास्त राहू नका, आधी बाहेर काढा.