थंडीतलं मालवण तीन दिवसांत: तिथी बघून निघा

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे रजई सोडवत नाही, तेव्हा मालवणच्या पुळणीवर माणसं अनवाणी फिरत असतात. दुपारी पारा तिशीच्या आसपास, पहाटे एक शाल पुरेल एवढाच गारवा. पावसाळ्यात गढूळलेलं पाणीही तोवर निवळलेलं असतं. दोन रात्री आणि तीन दिवस हाताशी असतील तर एवढ्यात मालवण छान होतं. फक्त वेळापत्रक आपलं नको, समुद्राचं हवं.

हे आम्ही चुकून शिकलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा यादी करून गेलो होतो: अकराला किल्ला, दोनला स्कूबा, पाचला देवबागचं बेट. अकराला किल्ल्यात ऊन डोक्यावर. दोनला समुद्र उसळलेला, बोटीत आत्याला उलट्या, स्कूबा रद्द. पाचला बेट पाण्याखाली. रात्री जेवायला वाढताना घरमालकीण काकी म्हणाल्या, "सकाळी जावा, वारो सुटूच्या आधी." पुढे जे लिहिलंय तो बराचसा त्या एका वाक्याचा विस्तार आहे.

पायरी १: भिंतीवरचं कॅलेंडर काढा

आधी नको त्या तारखा खोडा. नाताळ ते २ जानेवारी तारकर्ली-देवबागच्या अरुंद रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, आणि खोल्यांचे भाव विचारू नयेत असे होतात. २६ जानेवारीला जोडून शनिवार-रविवार आला तर तीच गत. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा साधारण फेब्रुवारीच्या आसपास येते, पण तिची तारीख दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरते. त्या दिवसांत मुंबईहून येणाऱ्या गाड्या आणि मालवण परिसरातल्या खोल्या दोन्ही भरलेल्या असतात. जत्रेलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर तारीख जाहीर झाली का ते बघून मगच आरक्षण करा. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा, तोही रविवार ते बुधवार, हा माझ्या मते सगळ्यांत चांगला काळ.

मग घरातले वार बघा. डिसेंबरात बहुतेक मार्गशीर्ष असतो. चारातले दोघे गुरुवार पाळतात, एकजण सोमवार, आणि सहलीत संकष्टी आली तर मासे खायला गेलेली मंडळी बटाट्याची भाजी खाऊन परततात. हसू नका, आमच्याकडे हे झालंय.

आता तिथी. भरतीची वेळ काढायची कोकणातली जुनी रीत सोपी आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट, म्हणजे तीन. पूर्ण भरती तीनच्या सुमारास, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासून. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-एक तास इकडेतिकडे होतोच. नेमकी वेळ बोटवाल्याला विचारावी, पण घरी बसून दिवस आखायला एवढा अंदाज पुरतो.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाण्याला ओढ जास्त आणि तळची वाळू ढवळलेली. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती, म्हणजे पाणी कमी चढतं, कमी उतरतं आणि तुलनेनं स्वच्छ राहतं. स्कूबा करायचं असेल तर सप्तमी ते दशमीच्या दरम्यानचे दिवस धरा. त्या दिवसांत ओहोटी दुपारी बाराच्या पुढेमागे येते, म्हणजे सकाळी स्कूबा आणि लगेच देवबागचं बेट असं जुळवता येतं. चांदण्यात पुळणीवर बसायचंय? मग पौर्णिमा, आणि स्कूबाचा आग्रह सोडा.

पायरी २: जायचं कसं

मुंबईकरांनी फार डोकं लावू नये. रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी एक्सप्रेस पकडावी, सकाळी कुडाळला उतरावं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्या दिवशी सकाळी जागे राहिलात तर मिळेल, नाहीतर तत्काळच्या रांगेत. कुडाळहून मालवण तीसेक किलोमीटर, एसटी किंवा रिक्षा. वंदे भारत दिवसाची आहे, ती कणकवलीला थांबते.

पुणे-कोल्हापूरकडून येणाऱ्यांना घाट उतरावा लागतो: गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा, राधानगरीकडून फोंडा, नाहीतर आंबोली. यांतला एखादा कधी ना कधी दुरुस्तीसाठी बंद असतो, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी कोणता चालू आहे ते विचारा. थंडीत रात्री घाटात धुकं असतं, तेव्हा उजेडातच उतरा. विमानानं यायचं तर चिपीचा विमानतळ मालवणला अगदी जवळ, पण तिथल्या उड्डाणांचं वेळापत्रक वरचेवर बदलतं. गोव्यातलं मोपा लांब पडलं तरी भरवशाचं.

पायरी ३: खोली

स्वतःची गाडी नसेल तर मालवण गावात किंवा चिवलाच्या किनाऱ्यावर राहा. बंदर, बाजार, खानावळी सगळं पायी. लहान मुलं असतील तर तारकर्ली, पुळण लांब आणि मोकळी. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. सुंदर आहे, पण प्रत्येक कामासाठी त्याच एका रस्त्यानं मागे यावं लागतं.

मोठ्या हॉटेलापेक्षा घरगुती न्याहारी-निवास घ्यावा. फोनवर तीन गोष्टी विचारा: जेवण घरी बनतं का, सुरमई-पापलेटचा भाव ताटाचा की तुकड्याचा, आणि सकाळी सातला न्याहारी मिळेल का. तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. का ते पुढे येईल.

पायरी ४: पिशवी

थोडकी. सुती कपडे, भिजली तरी चालतील अशी चप्पल, पंचा, टोपी, डासांचं मलम, गाडीतल्या आणि पहाटेच्या गारव्यासाठी एक शाल. बोट लागणाऱ्यांसाठी उलटीची गोळी, ती बोटीत बसण्याआधी अर्धा तास घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. थोडी रोकड ठेवा.

पायरी ५: पहिला दिवस, काही करू नका

रात्रभर प्रवास झालाय. आंबोळी किंवा घावणे खा, आंघोळ करा, झोपा. दुपारी बांगड्याचं तिखलं मिळालं तर तेच मागा. त्यातल्या तिरफळाचा वास आवडला तर तुमचं मालवणशी जमलं. तिरफळ चावायचं मात्र नसतं, बाजूला काढायचं.

संध्याकाळी बंदरावर जा. बोटी लागतात, टोपल्या उतरतात, वाळूतच लिलाव सुरू होतो. बोली इतक्या झपाट्यानं चढते की कोणी काय घेतलं हे आपल्याला कळतही नाही. मधे उभं राहून फोटो काढू नका, ती त्यांची कामाची वेळ आहे. मासे घ्यायचेच असतील तर नंतर विकायला बसलेल्या मावशींकडून घ्या. कल्ले लाल हवेत, डोळा फुगीर आणि चकचकीत, आणि बोटानं दाबलेली जागा लगेच वर यायला हवी. घेतलेला मासा राहत्या घरी नेऊन दिला तर बऱ्याच काकी तो करून देतात, आधी विचारावं एवढंच.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, त्यामुळे लिलावात फार रमलात तर किनाऱ्यावरच्या रॉक गार्डनमधला सूर्यास्त हुकेल.

पायरी ६: दुसरा दिवस, पाण्याचा

सातला न्याहारी, साडेसातला घराबाहेर. पहाटे जमीन समुद्रापेक्षा गार असते, म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा, शाळेत भूगोलात पाठ केलेला. त्यानं किनाऱ्यालगत पाणी उसळत नाही. अकरा-बारानंतर जमीन तापते, वारा उलटतो, खारा वारा सुटतो आणि लाटा चढू लागतात. म्हणून स्कूबा, डॉल्फिन, किल्ल्याची होडी, सगळं सकाळीच. दुपार जेवणाची आणि झोपेची.

नवशिक्यांच्या स्कूबाला पोहता यावं लागत नाही, प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून असतो. तरी काही गोष्टी आधी माहीत हव्यात. श्वास फक्त तोंडानं, सावकाश, आणि तो कधी रोखायचा नाही. खाली जाताना कान दुखू लागले तर नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची, दुखेपर्यंत थांबायचं नाही. आणि सगळ्यांची हमखास होणारी चूक: पाण्यात वर केलेला अंगठा म्हणजे "मस्त" नव्हे, "वर चला". मस्त चाललंय हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. माझ्या मेव्हण्यानं आनंदानं तीनदा अंगठा दाखवला आणि तीनदा वर आला.

सर्दी झाली असेल तर त्या दिवशी उतरू नका. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं किंवा गरोदरपण असेल तर अजिबात नाही, बोटवाला "काय होत नाय" म्हणाला तरी. स्कूबा केल्यावर त्याच दिवशी विमान पकडायचं नाही, हेही लक्षात ठेवा. खाली प्रवाळ आहे. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, म्हणून हात लावू नका, आणि फोटोत मासे यावेत म्हणून बिस्किटं टाकत असतील तर नको म्हणा.

तिथी जुळली असेल तर तिथून देवबाग. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथे ओहोटीला वाळूचं बेट उघडं पडतं, लोक त्याला त्सुनामी आयलंड म्हणतात. बेटावर मजा करा, पण मुखाशी पोहू नका. ओहोटीत नदीचं सगळं पाणी त्या तोंडातून समुद्राकडे धावतं आणि वरून ते अगदी संथ दिसतं. पोहायची हौस तारकर्लीच्या पुळणीवर भागवा, तीही भरती चढत असताना आणि कमरेएवढ्या पाण्यात.

रात्री वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत कुठे ना कुठे जत्रा असते. दशावताराचे खेळ याच दिवसांत होतात. घरमालकांना विचारा, "आज दशावतार कुठे?" खेळ उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. स्त्रियांची कामंही पुरुषच करतात आणि संवाद बहुतेक तिथल्या तिथे सुचलेले. पूर्ण बघायला दम लागतो, पण तासभर बसलात तरी शंकासूर राक्षस भेटेल. शाल इथे कामी येते.

पायरी ७: तिसरा दिवस, किल्ला आणि परतीची वाट

किल्ल्यासाठी सकाळची पहिली होडी धरा. बोटवाले साधारण तासाभरात परत न्यायला बघतात. तेवढ्यात सिंधुदुर्ग होत नाही, म्हणून चढण्याआधीच दोन तासांचं बोलून घ्या. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी या किल्ल्याची पायाभरणी केली आणि १६६७ मध्ये तो उभा राहिला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे.

बघायचं काय? आधी दरवाजा, म्हणजे तो दिसत नाही हेच बघायचं. तटाची वळणं अशी की होडी अगदी जवळ येईपर्यंत वाट कुठे आहे ते कळत नाही. मग दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव, चहूकडे खारं पाणी असताना गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे, आणि राजाराम महाराजांच्या काळातलं शिवराजेश्वराचं मंदिर. आत आजही काही कुटुंबं राहतात, तेव्हा अंगणं ओलांडताना जरा बेतानं. तटावर चढलात तर मुलांचा हात सोडू नका.

अकराच्या आत बाहेर. मग बाजार: कोकमाचं आगळ, मालवणी मसाला, तिरफळं, काजू, गुळाचं खाजं. आंबे विचारू नका, या दिवसांत झाडांवर मोहोर असतो. कोणी "हापूस आहे" म्हणालाच तर ती आंबापोळी किंवा डबाबंद रस असेल.

रात्रीच्या गाडीला कुडाळ गाठायचं असेल तर जेवून दुपारी निघा आणि वाटेत धामापूरला थांबा. भगवती देवळासमोरचा तलाव सोळाव्या शतकातला आहे आणि तीन दिवस खारं पाणी पाहिल्यावर ते गोडं पाणी डोळ्यांना गार वाटतं.

सुके बांगडे घेतले असतील तर दोन पिशव्यांत बांधून डब्यात भरा, आणि डबा स्वतःच्याच बाकाखाली ठेवा. दुसऱ्याच्या बाकाखाली ठेवलात तर पनवेलपर्यंत काय काय ऐकून घ्यावं लागतं ते मला माहीत आहे.