जपानच्या संततिनियमनावर बोलायचंय? मग सँगरबाईंपासून सुरुवात करू नका

आमच्या दादरच्या अभ्यासगटात दर महिन्याला एकाने अर्धा तास बोलायचं असतं, माझ्या वाट्याला हा विषय आला आणि मी "१९२२ मध्ये संततिनियमनाच्या प्रचारक मार्गारेट सँगर अमेरिकेतून जपानला गेल्या न् चळवळ सुरू झाली" असं बिनधास्त ठोकून दिलं. मागे बसलेल्या एका मावशींनी शांतपणे विचारलं, "मग त्याआधी तिथल्या बायका काय करत होत्या गं?" मी गार. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितेय, कॉलेजचं प्रेझेंटेशन असो नाहीतर मंडळातलं भाषण.

आधी एका कागदावर दोन रकाने पाडा, बाहेरून काय आलं आणि तिथल्या लोकांनी त्याचं काय केलं. पहिला रकाना कुणीही भरेल, गंमत दुसऱ्यात आहे.

बोलायला सुरुवात 'माबिकी'पासून करा. शब्द शेतातला, दाट उगवलेली रोपं उपटून विरळणी करायची ना, ते. एदो काळात (साधारण सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) नको असलेलं मूल जन्मल्याबरोबर संपवण्याला हाच शब्द होता. पुढे, १८६८ नंतर आलेल्या मेइजी सरकारने १८८० च्या दंडसंहितेत गर्भपात गुन्हा ठरवला, आणि त्या संहितेचा मसुदा केला होता बोआसोनाद नावाच्या फ्रेंच कायदेपंडिताने, फ्रेंच कायदा समोर ठेवून. १९०७ च्या नव्या संहितेवर जर्मन छाप. म्हणजे बघा, बंदीसुद्धा इंपोर्टेडच! हे पहिल्या पाच मिनिटांत सांगा, मोबाईल बघणारेसुद्धा वर बघतात.

१९१८ च्या तांदळाच्या दंगली, १९२० ची पहिली जनगणना (५ कोटी ६० लाखांच्या आसपास माणसं), माल्थसवरचे (लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते म्हणणारा तो इंग्रज) वाद, हे सगळं दोन मिनिटांत उरका.

वेळ घालवायचा तो माणसांवर. जपानमधल्या चळवळीची पुढारी शिझुए इशिमोतो घ्या. नवरा बॅरन आणि खाण इंजिनियर, त्यामुळे लग्नानंतर ती मिइकेच्या कोळसा खाणींजवळ राहिली आणि तिथे पोटुशी बायका खाणीत उतरताना तिने डोळ्यांनी पाहिल्या, मग १९१९ ला न्यूयॉर्कला गेली, १९२० मध्ये सँगरबाईंना भेटली. हा क्रम उलटा सांगू नका प्लीज. खाण आधी, सँगर नंतर. प्रश्न तिच्याकडे होताच, न्यूयॉर्कमध्ये त्याला नाव मिळालं.

मग १९२२ चा किस्सा, हा रंगवून सांगा. 'काइझो' मासिकवाल्यांनी सँगरना बोलावलं, जपान सरकारने व्हिसा नाकारला, बाई तरीही 'ताइयो मारू' जहाजावर चढल्या, आणि त्याच जहाजावर वॉशिंग्टनच्या नौदल परिषदेहून परतणारे जपानी प्रतिनिधी! शेवटी मार्चमध्ये योकोहामाला उतरू दिलं, पण जाहीर सभेत संततिनियमनाबद्दल बोलायचं नाही या अटीवर. आता अडवलं म्हटल्यावर पेपरवाले गप्प बसतात होय? नाव घरोघरी पोचलं.

माझा सगळ्यात आवडता माणूस मात्र यामामोतो सेन्जी. जीवशास्त्रज्ञ, तरुणपणी कॅनडात राहिलेला, क्योतोमध्ये सँगरचा दुभाषा. त्याने त्यांच्या पुस्तिकेचं भाषांतर केलं आणि शीर्षकात चक्क 'टीका' असा शब्द घातला, सेन्सॉरला वाटावं की हा विरोधातच लिहितोय. नंतर ही माहिती घेऊन तो कामगार आणि कुळांच्या संघटनांकडे गेला, १९२८ ला संसदेत निवडून आला, १९२९ मध्ये उजव्या अतिरेक्याने त्याला भोसकून मारलं. दुसरा रकाना म्हणतेय तो हा.

शब्दांकडेही लक्ष द्या. जपानीत 'सांजी सेइगेन' म्हणजे जन्मावर मर्यादा आणि 'सांजी चोसेत्सु' म्हणजे जन्म जुळवून घेणं, दोन्ही चालायचे. आपलं 'संततिनियमन' मला दुसऱ्याच्या जवळचं वाटतं. स्लाईडवर सरसकट 'कुटुंबनियोजन' टाकू नका, तो नंतरचा सरकारी शब्द, लगेच लाल त्रिकोण आठवतो.

सुप्रजननाची बाजू लपवू नका. 'चांगल्या' वंशाची ती भाषासुद्धा पश्चिमेकडूनच आली, सँगरही ती बोलायच्या, आणि १९४८ च्या जपानी 'सुप्रजनन संरक्षण कायद्या'च्या नावातच ती बसली. आणि फक्त आवक दाखवू नका, जावकही होती. डॉक्टर ओगिनो क्युसाकुंनी १९२४ मध्ये बीजांड कधी बाहेर पडतं त्यावर संशोधन मांडलं आणि पुढे युरोपात सुरक्षित दिवस मोजण्याच्या पद्धतीला त्यांचं नाव लागलं.

प्रश्नोत्तरांत र. धों. कर्वे निघणारच, मुंबई आहे ही. त्यांनी इथे केंद्र काढलं १९२१ मध्ये, म्हणजे सँगरबाई योकोहामाला उतरायच्या आधी, त्यामुळे "आपल्याकडे सँगरबाईंमुळेच सुरू झालं" असं कुणी म्हणालं तर तारीख तयार ठेवा. मावशी पुढच्या वेळी पहिल्या रांगेत होत्या, हे सगळं ऐकून त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "आणि खाणीतल्या त्या बायकांपर्यंत काही पोचलं का?" त्यावर मी अजून वाचतेय.