गाई-म्हशी तपासताना खांदा आणि कंबर कशी सांभाळायची

महूच्या वेटरनरी कॉलेजातून पास होऊन सांवेर, देपालपूर, हातोदकडे फिल्डवर लागलेल्या आपल्या इंदूरच्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. लाथ बसली की सगळे धावत येतात, पण खांदा हळूहळू कामातून जातो तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही.

आधी जनावर नीट बांधा. खोडा असेल तर खोड्यातच घ्या, नसेल तर भिंतीच्या कडेला आखूड दोरी लावून मालकालाच डोकं धरायला सांगा. तो म्हणेल "डाक्साब, सीधी है, कुछ नी करती", तरी बांधाच. गाय घोड्यासारखी सरळ मागेच लाथ मारत नाही, पाय पुढे घेऊन बाजूला फिरवते, त्यामुळे एकतर तिच्या अंगाला चिकटून उभं राहा नाहीतर चांगलं लांब, मधल्या अंतरावर सगळ्यात जोरात बसते.

मग गाभण तपासणी आणि एआय, म्हणजे कृत्रिम रेतन. दोन्हीत गुदद्वारातून हात आत घालावा लागतो, खरा खांदा इथेच जातो. जनावर उंच असेल तर पायाखाली पक्का दगड किंवा पाट घ्या, हात खांद्याच्या वर जाऊन काम करायचं नाही. जेल भरपूर लावा. गाय कुंथली की हात तिथेच ढिला सोडा, जोर लावून पुढे ढकलू नका, ती सैल झाली की आपोआप जागा मिळते. आणि दुसऱ्या हातानेही तपासायला आत्तापासूनच शिका, सुरुवातीला काहीच कळत नाही, वैताग येतो, पण कॅम्पमध्ये रांग लागलेली असते तेव्हा हात बदलता येणं फार मोठी गोष्ट आहे, आणि रांग कितीही असू दे मधेमधे थांबून खांदे फिरवून घ्याच.

वासरू अडलं असेल तर गाईची कळ येईल तेव्हाच ओढा, कळ थांबली की तुम्हीही थांबा. कंबरेतून वाकून ओढू नका, पाय रोवून पाठ सरळ ठेवून अंगाचं वजन मागे टाका. पावसात आपली काळी माती किती घसरते माहितीये ना, खाली पोतं किंवा कडबा टाका, गमबूट घाला.

रेतनासाठीचं वीर्य ज्यात गोठवून ठेवतात ते द्रव नायट्रोजनचं कंटेनर एका खांद्याला लटकवून बाइक चालवू नका, मागे कॅरियरवर उभं घट्ट बांधा. क्लिनिकमध्ये मोठा लॅब्राडोर एकट्याने टेबलावर उचलायचा नाही, दोघांनी उचला नाहीतर खाली चटईवरच तपासा.

रात्री खांदा दुखून झोप मोडायला लागली किंवा बोटांना मुंग्या यायला लागल्या तर पेनकिलरवर ढकलत बसू नका, हाडांच्या डॉक्टरला दाखवा आणि तोपर्यंत त्या हाताने तपासणी बंद ठेवा.