कॉलेजच्या दप्तरखान्यात इंटर्नशिप करताय? या चुका टाळा

चार क्रेडिट, १२० तास. आमच्या कॉलेजच्या जुन्या दप्तरखान्यात मी इंटर्न म्हणून गेले ती मे महिन्याच्या शेवटी. खोली जांभ्या चिऱ्याची, वर कौलं, समुद्र हाकेच्या अंतरावर. दार उघडलं की आधी कुबट वास यायचा, मग काळोखात रांगेने ठेवलेले रुमाल (म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे), जनरल रजिस्टरं, मस्टर, आवक-जावक वह्या दिसायच्या. मला वाटलं होतं, काम म्हणजे आवराआवर. माझ्या हातून झालेल्या आणि थोडक्यात टळलेल्या जवळजवळ सगळ्या चुका या एका समजुतीतून आल्या. पुढच्या वर्षी ज्यांना हे काम मिळेल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

"आधी नीट लावून घेऊ"

सगळ्यात महाग पडलेली चूक हीच, म्हणून ती सविस्तर सांगते.

माझ्याकडे सातवा रुमाल आला. मळकट मांजरपाटाचं कापड, आत फीमाफीचे अर्ज. अर्ज, त्याच्यामागे तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, मग कमिटीच्या निर्णयाची चिठ्ठी, शेवटी फीची पावती, असे चार कागद एका टाचणीत. टाचण्या गंजल्या होत्या म्हणून मी त्या काढल्या. तिथवर ठीक होतं. मग मी चार गठ्ठे केले: अर्ज एकीकडे, दाखले दुसरीकडे, चिठ्ठ्या, पावत्या, आणि प्रत्येक गठ्ठा तारखेप्रमाणे लावला. दोन दुपारी गेल्या. टेबल बघून मला फार बरं वाटत होतं.

ग्रंथपाल मॅडमनी त्यातला एक दाखला उचलला आणि विचारलं, "हा कोणत्या मुलाचा?" मला सांगता येईना. दाखल्यावर वडिलांचं नाव होतं, अर्जावर मुलाने नुसतं आपलं नाव आणि आडनाव लिहिलं होतं. आपल्याकडे एका वाडीत निम्मी घरं एकाच आडनावाची. चिठ्ठीवर तर एवढंच: "निम्मी फी माफ". कोणाची, ते टाचणी सांगत होती आणि टाचणी मी काढून टाकली होती.

त्या काळच्या कारकुनाने कागद ज्या क्रमाने ठेवले तो क्रमसुद्धा दस्तऐवजाचाच भाग असतो. गरज, पुरावा, निर्णय, पैसे: एका मुलाचं शिक्षण पुढे चालू राहील की नाही, ते त्या चार कागदांत ओळीने ठरलेलं होतं. मी ती ओळच मोडली.

दुरुस्तीची वाट गंजानेच दाखवली. खाऱ्या हवेत टाचणी गंजते आणि तिचा डाग वरच्या कागदातून खालच्यात उतरतो. एकाच टाचणीतल्या कागदांवर तो डाग त्याच जागी, त्याच वळणाचा असतो, फक्त फिका होत जातो. मी आणि शिपाई काका खिडकीपाशी बसून एकेक कागद उजेडात धरायचो. दोन भोकांमधलं अंतर, डागाचं शेपूट, घडीची रेघ आणि कसरीने आरपार पाडलेली भोकं जुळवत गेलो. मोडायला दोन दुपारी लागल्या होत्या, जुळवायला अकरा लागल्या.

तेव्हा रुमालाची गाठ सोडण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या: गाठ, वरची बाजू, कडा. टाचणी काढण्याआधी प्रत्येक कागदाच्या मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलने क्रमांक टाका, ७/१, ७/२ असा. टाचणी ओढू नका. तिच्याखाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवा, मग सोडवा. एका टाचणीतले कागद एका घडीच्या कोऱ्या कागदात एकत्र राहू द्या. तारखेप्रमाणे लावायची हौस यादीवर भागवा. एक्सेलमध्ये हवं तसं फिरवता येतं, कागदाला हात लावावा लागत नाही.

आणि क्रम बिघडलाच, तर तिथेच थांबा. लगेच सांगा. लपवून पुढचा रुमाल उघडलात तर दोन रुमालांची सरमिसळ होईल, मग गंजाचे डागसुद्धा फारशी मदत करणार नाहीत.

ओला कागद उन्हात घालणे

आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, दिवसांत आपल्याकडे सगळंच अंगणात पडतं. आमसुलं, पापड, सुकी मासळी. त्यामुळे मृगाच्या पहिल्या सरीला एक कौल सरकून रजिस्टर भिजलं तेव्हा माझे पाय आपोआप अंगणाकडे वळले. काकांनी अडवलं. "गो बाय, कागद म्हणजे सोलं नव्हेत."

कडक उन्हात कागद वाकडा होतो, ठिसूळ होतो, शाई उडते. रजिस्टर सावलीत, पानं किंचित पसरून उभं ठेवायचं. पंखा खोलीत फिरता हवा, थेट पानांवर नको. पंधरा-वीस पानांमागे एक टिपकागद घालायचा आणि तो ओला झाला की बदलायचा. छापील वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. हे पहिल्या ४८ तासांत झालं पाहिजे, कारण त्यानंतर बुरशी धरू लागते. एकाच वेळी खूप काही भिजलं आणि हात कमी पडत असतील तर वह्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून सायन्स विभागाच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवायच्या. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि तुम्हाला वेळ मिळतो.

बुरशी आधीच दिसत असेल तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती आणखी पसरते. फिनेल तर मुळीच नको. मास्क लावा, ती वही इतरांपासून वेगळी करा, पूर्ण सुकू द्या, मग मऊ ब्रशने, शक्यतो खोलीबाहेर, झटका.

हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला रान मोकळं, आणि कोकणात जून ते सप्टेंबर ती त्याच्या बरीच वर असते. म्हणून पावसात "हवा खेळू दे" म्हणून खिडक्या उघडणं ही चांगल्या हेतूने केलेली चूक आहे. खिडक्या थंडीतल्या कोरड्या दुपारी उघडा. जांभा पाणी शोषून घेतो, त्यामुळे कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. वीतभर जागा सोडा, खालचा कप्पाही जमिनीपासून तेवढाच वर ठेवा. भिंतीवर मातीची बारीक रेघ चढताना दिसली तर ती वाळवी. रेघ पुसून गप्प बसू नका, त्याच दिवशी ऑफिसात कळवा.

हाताच्या सवयी

बोटाला थुंकी लावून पान उलटू नका. पेन टेबलावरसुद्धा नको, फक्त पेन्सिल. रबरबँड उकाड्यात वितळून कागदाला चिकटतो, त्याऐवजी सुती नाडी बांधा. सुती हातमोजे घातले की काळजी घेतल्यासारखं वाटतं, पण त्यात बोटांना कागद कळत नाही आणि कडा फाटतात. हात धुऊन कोरडे करा, तेवढं पुरे. मोजे जुने छापील फोटो हाताळण्यासाठी ठेवा.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो, पट्टी गळून पडते आणि डाग कायमचा राहतो. फाटलेलं पान तुकड्यांसकट घडीच्या कागदात ठेवा आणि यादीत नोंद करा. खळ आणि जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) वापरून जोडणं प्रशिक्षित माणसाचं काम आहे.

"चूक" सुधारताना केलेली चूक

यादी टाइप करताना मी एका विद्यार्थ्याच्या गावापुढे "मालवण, जि. रत्नागिरी" वाचलं आणि "सिंधुदुर्ग" करून टाकलं. पण सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ मध्ये. त्याआधीच्या कागदावर रत्नागिरीच बरोबर आहे. तसंच "कुलाबा" दिसलं की मुंबईचा कुलाबा समजू नका. तो आजचा रायगड जिल्हा, नाव बदललं तेही १९८१ मध्येच. १९४८ च्या आधीचा सावंतवाडीचा मुलगा पत्त्यात "संस्थान" लिहितो, कारण ते तेव्हा संस्थानच होतं. कागदावर आहे तसंच उतरवा, आजचं नाव शेजारच्या रकान्यात द्या.

फीच्या रकान्यात "७-८-०" म्हणजे सात रुपये आठ आणे, साडेसात रुपये. मी ७.८० टाइप करणार होते. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, हे १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येईपर्यंत. त्यानंतर काही वर्षं "न. पै." दिसतं, ते नवे पैसे. शके दिलं असेल तर ७८ मिळवा. मात्र इंग्रजी वर्ष बदलल्यावर, साधारण पौषापासून फाल्गुनापर्यंत, ७९ मिळवावे लागतात. शके १८६७ च्या माघातली सभा १९४६ मधली, १९४५ मधली नव्हे.

स्टेटसला टाकलेला फोटो

सुंदर अक्षरातलं जुनं पान दिसलं की ते कोणाला तरी दाखवावंसं वाटतं. पण जनरल रजिस्टरच्या त्याच पानावर जात आहे, जन्मतारीख आहे, शाळा सोडण्याचं कारण आहे. फीमाफीच्या अर्जात तर घरातलं दारिद्र्य स्वतःच्या हाताने लिहिलेलं आहे. त्यांतली कितीतरी माणसं आज आपल्याच बाजारात भेटतात. फोटो फक्त दप्तरखान्याच्या कामासाठी घ्या, फ्लॅश बंद ठेवा, जाड रजिस्टर सपाट दाबू नका, दोन्ही बाजूंना उशी द्या. फाइलला पेन्सिलने टाकलेलाच क्रमांक द्या. "नवीन फोल्डर २" मधून पुढच्या इंटर्नला काही सापडणार नाही. काम संपलं की स्वतःच्या मोबाइलमधून फोटो पुसून टाका.

शेवटच्या दिवशी काय केलं आणि काय राहिलं, ते लिहून सही-तारखेसह द्या. माझ्या कागदावरची एक नोंद अशी आहे: "रुमाल ७. मूळ क्रम माझ्याकडून मोडला गेला. गंजाचे डाग व घड्या पाहून पुन्हा जुळवला. उत्पन्नाचे चार दाखले जुळले नाहीत. ते वेगळ्या पाकिटात, रुमालातच ठेवले आहेत."