ऑइल मुरलेली माती जिवाणूंकडून कशी साफ करून घ्यावी

गॅरेजसमोर असो की जनरेटरखाली, जळालेलं ऑइल मुरलेल्या मातीवर साबणाचं पाणी ओतू नका. आपल्या नागपुरात ते नालीतून नाग नदीत आणि पुढे कन्हानमार्गे वैनगंगेत जातं. मातीतच साबण तयार करणारे जिवाणू आहेत. स्यूडोमोनास जातीचे काही जिवाणू रॅम्नोलिपिड नावाचा पदार्थ बाहेर सोडतात. रिठ्याच्या पाण्यासारखा तो तेलाचा थर फोडतो, बारीक थेंब करतो, आणि मग ते थेंब जिवाणूंना खाता येतात. आपण फक्त त्यांची सोय बघायची.

आधी गळती बंद करा. हातमोजे घालून काळी, चिकट झालेली माती खणून काढा आणि शेडखाली ताडपत्रीवर पसरा. उघड्यावर नको, पावसात तेल वाहून जाईल. आपली काळी माती ओली झाली की घट्ट बसते, आत हवा शिरत नाही. म्हणून चार घमेली मातीत एक घमेलं सोयाबीनचं कुटार आणि एक घमेलं कुजलेलं शेणखत कालवा. थर फूटभरापेक्षा उंच नको.

तेलात कार्बन भरपूर, नायट्रोजन जवळजवळ नाही. अंदाजे लिटरभर तेल मुरलं असेल तर दीडशे ग्रॅम युरिया तीन हप्त्यांत, पाण्यात विरघळवून शिंपडा. एकदम सगळा टाकलात तर जिवाणूच मरतील.

ओलीकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. मूठ दाबली की गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. मी पहिल्यांदा एप्रिलात ढीग लावला होता. ४५ अंशांच्या उन्हात तो दोन दिवसांत खडखडीत वाळला आणि काम थांबलं. जूनच्या शेवटी सुरू करा. दर आठवड्याला फावड्याने खालवर करा. कुबट वास आला तर लगेच.

जिवाणूंच्या महागड्या बाटल्या घेण्याची गरज मला वाटत नाही. १९८९ मध्ये अलास्कात एक्झॉन वाल्डेझ जहाजातून तेल सांडलं, तेव्हा किनाऱ्यावरच्या मूळच्या जिवाणूंना खत देऊनच चालना दिली होती. बरीच वर्षं तेल पीत आलेली घमेलंभर माती विरजणासारखी घाला, बस.

डिझेल लवकर जातं, इंजिन ऑइलला बरेच महिने लागतात. चमचाभर माती ग्लासभर पाण्यात ढवळून बघा. इंद्रधनुषी तवंग दिसतोय तोवर ढीग हलवत राहा. तवंग गेला तरी ती माती भाजीच्या वाफ्यात घालू नका, कारण ऑइलमधले धातू जिवाणूंना पचत नाहीत. होती त्याच खड्ड्यात परत भरा.