माल्ट अर्कापासून घरच्या घरी दहा लिटर बिअर: खर्च कुठे वाचवावा, कुठे वाचवू नये

ब्रिटनमध्ये स्वतःपुरती बिअर घरी करायला परवाना लागत नाही. १८८० साली पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या सरकारने माल्टवरचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीवरचा) कर काढून तो बिअरवर बसवला, तेव्हा घरगुती बिअरवरही परवान्याची अट आली होती. ती १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी रद्द केली. आता बंधन एवढेच, की ही बिअर विकता येत नाही. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार विनापरवाना मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. म्हणून पुढील कृती ब्रिटनमधील, किंवा जिथे कायदा परवानगी देतो तिथल्या, मराठी घरांसाठी आहे.

बार्लीला मोड आणून, ती वाळवून, भरडून गरम पाण्यात ठेवली, की तिच्यातील पिष्टाची साखर होते. मोड आलेल्या नाचणीला गोडवा येतो तो याच कारणाने. हे गोड पाणी आटवले की काकवीसारखा दाट माल्ट अर्क मिळतो आणि पूर्ण वाळवले की पूड, जिला ब्रिटनमध्ये स्प्रेमाल्ट म्हणतात. सफोकमधील स्टोमार्केट येथील मंटन्ससारखे कारखाने हे काम आपल्यासाठी करून ठेवतात, त्यामुळे धान्य भिजवण्याची मोठी भांडी, गाळण्या आणि अर्धा दिवस वाचतो. अर्क धान्यापेक्षा महाग पडतो, हे खरे आहे. म्हणूनच बचत साधनांत आणि प्रमाणात शोधावी लागते.

बाजारात हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी वेलीची फुले) आधीच घातलेल्या अर्काचे डबे मिळतात आणि त्यांत सुमारे एक किलो साखर घालून चाळीस पाइंट (सुमारे २३ लिटर) बिअर करावी, असे त्यांवर लिहिलेले असते. हा मार्ग स्वस्त आहे, परंतु मी तो कोणालाही सुचवणार नाही, कारण साखर पूर्णपणे आंबते, मागे अंग (दाटपणा) ठेवत नाही आणि बिअर पाणचट होते. साखर मुळातच वर्ज्य आहे असे नाही. ब्रिटिश बिअर-उत्पादकांना १८४७ पासून ती वापरण्याची मुभा आहे. प्रश्न प्रमाणाचा आहे. एक किलो स्प्रेमाल्टला १५० ग्रॅम साधी साखर चालते. तेवढ्याने बिअर हलकी, कोरडी आणि पिण्यास सोपी होते, शिवाय माल्टचे दुसरे पाकीट फोडावे लागत नाही.

तेव्हा दहा लिटरसाठी साहित्य असे: एक किलो फिकट स्प्रेमाल्ट, १५० ग्रॅम साखर, ३० ग्रॅम ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीचे हॉप्स आणि एल (खोलीच्या तापमानाला आंबणाऱ्या ब्रिटिश बिअरच्या) यीस्टचे ११ ग्रॅमचे पाकीट. घरातले सात-आठ लिटरचे पातेले पुरते. विकत घ्यायचे ते झाकणाची १५ लिटरची खाद्यपदार्थांसाठीची प्लॅस्टिकची बादली, हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारे साधन), थर्मामीटर, नळी आणि निर्जंतुक करणारे, मागाहून धुवावे न लागणारे द्रावण. एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न येऊ देणारी झडप) नसला तरी अडत नाही. झाकण एका बाजूने किंचित सैल ठेवले की वायू बाहेर पडतो.

नळाच्या पाण्यातील क्लोरीनमुळे बिअरला औषधी वास येऊ शकतो. आदल्या दिवशी पाच-सहा लिटर पाणी उकळून, झाकून थंडीत ठेवावे. ज्या भागात पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीनचेच अधिक टिकाऊ रूप) असते तिथे नुसते उकळणे पुरत नाही. कॅम्डेनची (मेटाबायसल्फाइटची) पाव गोळी विरघळवली की काम होते.

पातेल्यात पाच लिटर पाणी उकळावे आणि गॅस बंद करून अर्धे स्प्रेमाल्ट घालावे. ही पूड ओलावा इतक्या वेगाने ओढते, की वाफेवर पाकीट धरले तर त्याच्या तोंडाशीच चिकट गोळा धरतो आणि चमच्याला टॉफीसारखा लेप बसतो. म्हणून पूड आधीच कोरड्या वाडग्यात काढून एकदम ओतावी आणि गुठळ्या मोडेपर्यंत ढवळावे. पुन्हा उकळी येताना फेस झपाट्याने वर चढतो, त्या वेळी पातेल्यापासून हलू नये. फेस बसला की २० ग्रॅम हॉप्स घालून तासभर उकळत ठेवावे. कडवटपणा उतरायला हा वेळ लागतोच. शेवटची दहा मिनिटे उरली, की बाकीचे १० ग्रॅम हॉप्स सुगंधासाठी घालावेत, आणि गॅस बंद केल्यावर उरलेले माल्ट व साखर. सगळे माल्ट सुरुवातीला घातले तर दाट द्रावणात कडवटपणा कमी उतरतो आणि रंगही गडद होतो.

इथून पुढे बिअरला जे काही लागेल ते निर्जंतुक केलेलेच असले पाहिजे, चमच्यापासून झाकणापर्यंत. बचतीच्या नावाखाली सर्वाधिक बिअर याच टप्प्यावर वाया जाते, आणि आंबट झालेली दहा लिटर बिअर ओतून देणे ही कोणत्याही द्रावणाच्या किमतीपेक्षा महाग गोष्ट आहे. पातेले सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवून निववावे, द्रव गाळून बादलीत घ्यावा आणि गार पाण्याने दहा लिटरपर्यंत न्यावा. हायड्रोमीटर लावण्यापूर्वी नीट ढवळावे, नाहीतर वर तरंगणाऱ्या पाण्याचीच घनता कळते. पाण्याची घनता १.००० धरली, तर ती १.०४३ च्या आसपास यायला हवी. तापमान २० अंशांवर आले, की बादली जोराने हलवून हवा मिसळावी आणि यीस्ट भुरभुरावे. पाव भाजण्याचे यीस्ट वापरून पैसे वाचवू नयेत. ते तळाशी नीट बसत नाही आणि चवही बिघडवते.

बादली १८ ते २० अंशांच्या जागेत, अंधारात ठेवावी. आंबताना आतील द्रव खोलीपेक्षा दोन-तीन अंश गरम होतो आणि तो २४ च्या वर गेला तर जहाल, झोंबणारी चव उतरते. उन्हाळ्यात बादली पाण्याच्या टबात ठेवून वर ओला पंचा गुंडाळावा. दोन आठवड्यांनी घनता मोजावी. ती १.०१० च्या जवळपास येऊन सलग तीन दिवस हलली नाही, तरच बाटल्या भराव्यात. बुडबुडे थांबले म्हणजे आंबणे संपले, असे समजू नये. अर्धवट आंबलेली बिअर काचेत बंद केली तर बाटली फुटून इजा होऊ शकते. सुरुवातीच्या आणि शेवटच्या घनतेतील फरकाला १३१ ने गुणले, की मद्यांश कळतो. इथे तो सव्वाचार टक्क्यांच्या आसपास येईल.

काचेच्या बाटल्या घ्यायच्या तर तपकिरी, पत्र्याच्या बुचाच्या आणि फिरवून न उघडणाऱ्या घ्याव्यात, कारण उजेडाने हॉप्समधील द्रव्ये बिघडून उग्र वास सुटतो. पहिल्या खेपेला सोडावॉटरच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या मला अधिक योग्य वाटतात: त्या फुकट मिळतात, बूच बसवण्याचे यंत्र लागत नाही, आणि दाबून पाहिल्या की आत किती वायू भरला हे हाताला कळते. अर्ध्या लिटरच्या बाटलीत तीन ग्रॅम साखर घालावी. नळीचे टोक तळाशी टेकवून, न खळखळवता बिअर भरावी, कारण या टप्प्यावर हवा मिसळली तर काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. नळी तोंडाने ओढू नये. ती पाण्याने भरून प्रवाह सुरू करावा. बाटल्या घट्ट झाल्या तरी दोन आठवडे खोलीच्या तापमानालाच ठेवाव्यात, मग फ्रिजमध्ये घालाव्यात.

बादलीच्या तळाशी उरलेला साका फेकू नये. त्यातले सुमारे १०० मिलिलिटर निर्जंतुक बरणीत घेऊन, झाकण सैल ठेवून फ्रिजमध्ये ठेवले, तर दोन आठवड्यांच्या आत पुढच्या दहा लिटरला तेच यीस्ट पुरते. मात्र आधी त्या बिअरची चव पाहावी. ती आंबट किंवा औषधी लागली, तर साका टाकून द्यावा आणि नवे पाकीट आणावे.