चाकणला रुजू होणाऱ्या परदेशी सहकाऱ्यासाठी तयारीची यादी

चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात जर्मन, जपानी, कोरियन कंपन्या इतक्या झाल्यात की कधी ना कधी हे काम तुमच्या टेबलावर येतंच: ‘दोन वर्षांसाठी एक इंजिनिअर येतोय, जरा त्याचं बघा.’ मोठी कंपनी असेल तर एजन्सी नेमलेली असते. पण एजन्सीवाले घराची किल्ली हातात देऊन मोकळे होतात, पुढचं निस्तरायला आपणच. कामं तशी अवघड नाहीत, क्रम चुकला की मात्र अडतात. भाडेकरार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून बँकेत खातं नाही, आणि इथला मोबाइल नंबर नाही म्हणून ओटीपी नाही. ओटीपीशिवाय पुण्यात साधी रिक्षा बोलावणंही जड जातं.

म्हणून सुरुवात माणूस विमानात बसायच्या आधी करा. व्हिसा एम्प्लॉयमेंटचाच हवा. बिझनेस व्हिसावर मीटिंगा होतात, इथली नोकरी नाही. दुसरं कागदपत्र हमखास राहून जातं. जर्मनी, जपान, दक्षिण कोरिया, फ्रान्स, नेदरलँड्स अशा बऱ्याच देशांशी भारताचा सामाजिक सुरक्षेचा करार आहे. माणूस तिकडच्या कंपनीतर्फे इकडे पाठवला जात असेल आणि तिकडची वर्गणी चालू असल्याचं सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज त्याने आणलं, तर इथे पीएफ कापावा लागत नाही. ते नसेल तर परदेशी कर्मचाऱ्याला आपली पीएफसाठीची पगाराची मर्यादा लागू नाही, पूर्ण पगारावर कपात होते. हे सर्टिफिकेट त्याच्या देशातूनच निघतं, म्हणून ईमेल आजच पाठवा. सोबत लग्नाचा दाखला, मुलं असतील तर त्यांचे जन्मदाखले आणि शाळेचे कागद, पासपोर्ट फोटोंचा गठ्ठा, आणि रोजच्या औषधांची चिठ्ठी. चिठ्ठीवर ब्रँड नको, औषधाचं मूळ नाव हवं, म्हणजे इथल्या केमिस्टला ते ओळखता येतं.

काय आणू नये तेही कळवा. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, २०१९ च्या कायद्याने बंद आहे. डोंगरात भटकणारे लोक सॅटेलाइटवर चालणारं संदेशयंत्र सहज बॅगेत टाकतात. परवान्याशिवाय ते भारतात बेकायदा आहे आणि विमानतळावर त्यावरून थेट पोलीस केस होऊ शकते. अमेरिकेतून येणाऱ्याला मिक्सर, हेअर ड्रायर तिकडेच ठेवायला सांगा. आपल्याकडे २३० व्होल्ट, त्यांचं यंत्र पहिल्याच दिवशी जळणार.

उतरल्यावर पहिलं काम सिमकार्ड. पासपोर्ट, व्हिसा, फोटो आणि इथल्या ओळखीच्या माणसाचा नंबर लागतो, म्हणजे दुकानात सोबत तुम्हीच जायचं. सिम चालू व्हायला वेळ लागला तर वैतागू नका, पण ते झाल्याशिवाय पुढचा एकही अर्ज भरू नका. एकदा परदेशी नंबर टाकला की तो सगळीकडे चिकटतो आणि बदलताना जीव जातो.

व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची. अर्ज ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या, पोर्टलवर ऑनलाइन होतो. शिवाय ज्याच्याकडे तो उतरलाय, हॉटेल असो वा घरमालक, त्याने २४ तासांत माहिती कळवायची असते. त्याला सगळे फॉर्म सी म्हणतात. हॉटेलवाल्यांना ते पाठ असतं. घरमालकांना बहुतेक वेळा माहीतच नसतं, आणि ‘पोलीस’ हा शब्द कानावर पडला की ते घर द्यायलाच कां-कूं करतात. तेव्हा घर बघतानाच हा विषय काढा, चहा घेत घेत.

घराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. परदेशी मंडळींना आधी कोरेगाव पार्क, कल्याणीनगर दाखवायची पद्धत आहे. तिथून चाकणला रोज जाऊन-येऊन माणसाची संध्याकाळ नाशिक रस्त्यावरच्या ट्रकांमागे जाते. माझं मत विचाराल तर बाणेर-बालेवाडी किंवा पिंपरी-चिंचवडमधली एखादी चांगली सोसायटी बरी, शाळेचा प्रश्न नसेल तर नक्कीच. करार लिव्ह अँड लायसन्सचा, बहुधा अकरा महिन्यांचा; महाराष्ट्रात तो नोंदवणं सक्तीचं आहे, अकरा महिन्यांचा असला तरी. एजंट घरी येऊन अंगठे घेतो ती ऑनलाइन पद्धत आधारवर चालते आणि नव्या परदेशी माणसाकडे आधार नसतं, म्हणून दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात जावं लागेल का हे एजंटला आधी विचारून घ्या. करार कंपनीच्या नावावर असेल तर राहणाऱ्याचं नाव, पासपोर्ट नंबरासकट, त्यात लिहून घ्या. ते नसेल तर बँकेच्या खिडकीवर तो करार बिनकामाचा. भाडेकरूची पोलीस पडताळणीही त्याच आठवड्यात उरकून टाका.

आणि ‘सेमी-फर्निश्ड’ म्हणजे काय ते त्याला फोटो दाखवून समजवा: कपाटं, पंखे, ट्युबा, किचन ट्रॉली आहेत; फ्रिज, वॉशिंग मशीन, पडदे नाहीत. (जर्मन माणूस यावर हसतो. त्याच्याकडे भाड्याच्या घरात कित्येकदा ओटाच नसतो, स्वयंपाकघर आपलं आपण बसवायचं.) गीझरचं बटण कुठलं, पाइपगॅस आहे की सिलिंडर, इन्व्हर्टरवर कुठले पॉइंट चालतात, हे किल्ली देतानाच फिरून दाखवा. गुरुवारी महापालिकेची दुरुस्ती निघाली की पाणी बंद असतं, कधी कधी वीजही जाते. सोसायटीच्या ग्रुपवर तो निरोप मराठीत येतो, म्हणून तो वाचून सांगणारा एक शेजारी हेरून ठेवा.

पॅनकार्ड लगेच काढा. परदेशी नागरिकांचा फॉर्म वेगळा असतो, आपला भरून पाठवू नका. पॅन नसेल तर पगारातून कर किमान २० टक्क्यांनी कापला जातो. आधारची घाई नको, कारण मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिल्याशिवाय ते मिळतच नाही. खातं उघडेपर्यंत नेहमीचं यूपीआय नाही, तोवर सुट्ट्या नोटा जवळ लागतात. भाजीवाल्याकडे कार्ड चालत नाही आणि पाचशेची नोट बघून तो कपाळाला हात लावतो.

आता सकाळ. हे कुणी सांगत नाही, कारण आपल्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. सात ते दहा बेल वाजत राहते: दूध, कचरा, मावशी, इस्त्रीवाला, मग गाडी धुणाऱ्याचा महिना. एकट्याने राहायची सवय असलेला माणूस दर वेळी दचकून शर्ट घालून दार उघडतो. त्याला कोण कशाला येतं ते नावानिशी लिहून द्या. कचरा ओला आणि सुका वेगळा. पुण्यात बऱ्याच ठिकाणी ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई येतात, त्यांची महिन्याची ठरलेली रक्कम द्यायची, आणि सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळून लाल खूण करून वेगळे ठेवायचे. मावशींशी कामं आधीच मोजून ठरवा: भांडी, झाडू-फरशी, कपडे, पोळ्या, प्रत्येकाचे पैसे वेगळे. पगार एक तारखेला, दिवाळीला एक पगार जास्त, आणि गावाला जत्रा असली की सुट्टी, ती कापायची नाही. तो त्यांना ‘मॅडम’ म्हणाला तर त्या हसतील; ‘मावशी’ शिकवा, पहिल्याच दिवशी.

पाणी फिल्टरचं, बाहेर गेल्यावर बाटलीचं. हिपॅटायटिस ए आणि टायफॉइडच्या लसी निघायच्या आधी घेतल्या तर उत्तम. सोसायटीखालच्या कुत्र्यांना खायला घालायचा मोह होत असेल तर रेबीजबद्दलही डॉक्टरांशी बोलून घ्यावं. पावसाळ्यात चामड्याच्या बुटांना बुरशी येते आणि डासांमुळे डेंग्यू, तेव्हा जाळ्या जूनच्या आधी बसवा.

गाडी पहिले काही महिने ड्रायव्हरसह. आंतरराष्ट्रीय परवाना असला तरी उलट बाजूने येणारी दुचाकी हा प्रकार त्या परवान्यात शिकवलेला नसतो. सुट्टीच्या दिवशी मेट्रो आहे, पिंपरी-चिंचवडहून थेट स्वारगेटपर्यंत. गणपतीच्या दहा दिवसांत शहराच्या मध्यभागातले रस्ते संध्याकाळी बंद असतात, त्या आठवड्यात तिकडची डॉक्टरची वेळ घेऊ नका. उलट एका रात्री स्वतः सोबत घेऊन पायी फिरवून आणा.

घर बदललं, व्हिसा वाढवला, पासपोर्ट नवा आला, तर पोर्टलवर कळवायचं. भाडेकराराचं नूतनीकरण आणि व्हिसाची मुदत बऱ्याचदा मागेपुढे संपते. दोन्ही तारखा त्याच्याच नव्हे, तुमच्याही कॅलेंडरवर दोन महिने आधीच्या आठवणीसह टाकून ठेवा.